सी मध्ये शेअर्ड मेमरी: बनवणार कोण, उघडणार कोण आणि पुसणार कोण

दोन वेगळ्या प्रोसेसना एकच डेटा वापरायचा असेल तर पाइप आहे, सॉकेट आहे, साधी फाइल आहे, पण डेटा मोठा असेल किंवा सेकंदाला हजारो वेळा बदलत असेल तर शेअर्ड मेमरीला तोड नाही, कारण एकदा जोडणी झाली की लिहा-वाचायला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, जावंच लागत नाही, एकीने लिहिलं की दुसरीला तिथल्या तिथे दिसतं. नेटवर याचे जे नमुने मिळतात ते दहा-पंधरा ओळींचे असतात आणि चालतातही, पण ते चालतात कारण आपण हाताने आधी एक प्रोग्राम सुरू करतो, मग दुसऱ्या टर्मिनलवर दुसरा. तेच दोन्ही प्रोग्राम मशीन बूट होताना एकदम सुरू झाले किंवा एक मध्येच मेला, की भलतंच काहीतरी व्हायला लागतं. कॉल पाठ करणं सोपं आहे हो, खरं ठरवायचं असतं ते हे की मेमरी बनवणार कोण, ती वापरायला तयार झाली हे दुसऱ्याला कळणार कसं, आणि शेवटी नाव पुसणार कोण.

उदाहरण एकच धरून चालू. एक प्रोसेस सेन्सरवरून तापमान वाचते, तिला लेखक म्हणू, आणि दुसरी ते स्क्रीनवर दाखवते, ती वाचक. मशीन लिनक्स. फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना शेजारी मॅन पेज उघडं ठेवा, म्हणजे स्पेलिंगचा घोळ होणार नाही.

आधी सरळ रस्ता बघू. पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टमच्या सामाईक प्रमाणाच्या, पद्धतीत पहिला कॉल एसएचएम_ओपन. त्याला तीन गोष्टी द्यायच्या, नाव, फ्लॅग आणि परवानगी. नाव स्लॅशने सुरू करायचं आणि पुढे परत स्लॅश नको, म्हणजे "/तापमान" चालेल पण "/घर/तापमान" नाही. लिनक्सवर नाव २५५ बाइटपर्यंत चालतं, पण मॅकओएसवर ही मर्यादा फक्त ३१ आहे, त्यामुळे कोड दोन्हीकडे चालवायचा असेल तर नाव छोटंच ठेवा. फ्लॅगमध्ये ओ_आरडीओएनएलवाय नाहीतर ओ_आरडीडब्ल्यूआर यातला एक घ्यावाच लागतो, "फक्त लिहायचंय" असा पर्याय इथे नाही. बनवायचं असेल तर त्याला ओ_क्रिएट जोडायचं, त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई नसतो हे लक्षात ठेवा.

परवानगीचा आकडा ऑक्टल असतो, म्हणून पुढचं शून्य विसरू नका. ०६०० च्या जागी नुसतं ६०० लिहिलं तर कंपायलर चकार शब्द काढत नाही, पण ते दशमान ६०० होतं, ऑक्टलमध्ये ०११३०, आणि त्यात मालकालाच वाचायची-लिहायची परवानगी उरत नाही. गंमत अशी की ज्या कॉलने वस्तू बनली तो कॉल बिनतक्रार पार पडतो, कारण परवानगी पुढच्या उघडण्यापासून लागू होते, आणि मग दुसरी प्रोसेस ई-अ‍ॅक्सेस हा परवानगी नसल्याचा एरर घेऊन परत येते आणि आपण वाचकाच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. शिवाय युमास्क, म्हणजे प्रोसेसचा परवानग्या कापणारा आकडा, पण मध्ये येतो, तुम्ही ०६६६ दिलं आणि युमास्क ०२२ असेल तर हातात ०६४४ पडतं, दुसऱ्या युजरला लिहिता येत नाही. खरंच दोन युजरना लिहायला द्यायचं असेल तर बनवल्यावर एफसीएचमॉड करा.

एसएचएम_ओपन तुम्हाला साधा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या वस्तूचा नंबर, देतो, आणि नवीन बनलेल्या वस्तूची साइज शून्य असते. हे वाक्य परत वाचा, कारण पुढची निम्मी भानगड इथूनच सुरू होते. साइज द्यायची ती एफट्रंकेटने, नावात ट्रंकेट असलं तरी वाढवायचं कामही तोच करतो, आणि वाढलेला भाग शून्यांनी भरलेला मिळतो. मग ती मेमरी तुमच्या प्रोसेसला जोडायला एममॅप: पहिला आर्ग्युमेंट नल, मग साइज, मग वाचणं-लिहिणं यासाठी प्रॉट_रीड आणि प्रॉट_राइट, मग मॅप_शेअर्ड, मग तो डिस्क्रिप्टर आणि शेवटी ऑफसेट शून्य. मॅप_शेअर्डच्या जागी चुकून मॅप_प्रायव्हेट पडलं तर एरर येणार नाही, फक्त तुम्ही लिहिलेलं दुसऱ्याला कधीच दिसणार नाही, कारण लिहिताक्षणी त्या पानाची तुमची खासगी कॉपी बनते. एममॅप फसला तर नल देत नाही, मॅप_फेल्ड देतो, म्हणजे उणे एक, त्यामुळे नलशी तुलना करणारा चेक काही कामाचा नाही. मॅप झालं की डिस्क्रिप्टर बंद केला तरी चालतो, मॅपिंग राहतं.

हेडर म्हणाल तर इथवरच्या कॉलना सिस-एममॅन, सिस-स्टॅट, एफसीएनटीएल आणि युनिएसटीडी हे चार पुरतात. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, २.३४ च्या आधीची असेल तर लिंक करताना आरटी लायब्ररी द्यावी लागते, नव्यात लागत नाही.

आता खरी गोष्ट, दोघं एकदम आले तर?

बरेच जण दोन्ही प्रोग्राममध्ये तेच ओ_क्रिएट टाकून मोकळे होतात, की असेल तर उघडेल, नसेल तर बनवेल, काय फरक पडतो. फरक असा पडतो की नंतर कोणालाच माहीत नसतं की बनवलं कोणी, म्हणजे आतलं म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप, इनिशियलाइज कोणी करायचं हेही माहीत नसतं, मग दोघंही करतात, आणि एकाने लॉक घेतलेला असताना दुसरा तेच म्युटेक्स नव्याने मांडतो. म्हणून ओ_क्रिएट सोबत ओ_एक्सक्ल लावा. या जोडीचा अर्थ "मीच बनवणार, आधीच असेल तर मला नाही म्हण". हा निर्णय कर्नल अखंड घेतो, दोन प्रोसेस एकाच क्षणी आल्या तरी जिंकणार एकच, दुसरीला ई-एक्झिस्ट मिळणार. जिंकली ती मालक, तिने साइज द्यायची, आतली मांडणी करायची. हरली तिने ओ_क्रिएट न लावता परत उघडायचं.

आणि इथे ती फट येते. मालकाने एसएचएम_ओपन केलं, अजून एफट्रंकेट केलेलं नाही, आणि नेमकं त्या मधल्या क्षणात वाचकाने उघडलं. त्याचं ओपन यशस्वी. त्याचा एममॅप पण यशस्वी, कारण शून्य साइजच्या वस्तूवर ४०९६ बाइटचा मॅप मागितला तरी कर्नल देतो. मग तो पॉइंटरवरून पहिला बाइट वाचायला जातो आणि सिगबस, प्रोसेस खल्लास. सेगमेंटेशन फॉल्ट नाही, बस एरर, आणि नवखा माणूस हे बघून रॅम खराब झाली का इथपर्यंत जातो. दुकानावर पाटी लागली म्हणजे आत माल भरला असं नसतं, नाव दिसलं याचा अर्थ फक्त नाव दिसलं.

म्हणून वाचकाने दोनदा थांबायचं. आधी उघडल्यावर एफस्टॅट करून साइज बघायची, ती अपेक्षेइतकी झाली नसेल तर नॅनोस्लीपने पाच-दहा मिलिसेकंद थांबून परत बघायचं. साइज आली की मग मॅप करायचं, पण तेवढ्यावरही आतला डेटा वाचायचा नाही, कारण साइज दिल्यावर मालकाला म्युटेक्स वगैरे मांडायला वेळ लागतोच. त्यासाठी स्ट्रक्चरच्या सुरुवातीला "तयार" नावाचा एक अ‍ॅटॉमिक पूर्णांक ठेवा. नवीन मेमरी शून्यच असते याची खात्री असल्यामुळे तो आपोआप शून्यापासून सुरू होतो, म्हणजे "तयार नाही". मालकाने सगळं मांडून झाल्यावर अगदी शेवटी त्यात एक लिहायचं, सी ११ च्या अ‍ॅटॉमिक स्टोअरने, रिलीज ऑर्डर देऊन, म्हणजे आधीचं लिखाण त्याच्या मागे राहणार नाही, आणि वाचकाने तो अ‍ॅक्वायर ऑर्डरने वाचायचा. नुसतं व्होलाटाइल लावून हे होत नाही, व्होलाटाइल कंपायलरला थोडंफार आवरतं पण प्रोसेसरने लिखाणाचा क्रम फिरवला तर त्याला आडवं येत नाही. इंटेलवर चालतंय म्हणून निवांत राहाल आणि तोच कोड आर्म बोर्डवर टाकाल तेव्हा कळेल, आणि सेन्सरवाली कामं बहुतेक आर्म बोर्डवरच असतात.

या थांबण्याला मर्यादा मात्र घाला. मालक नाव बनवून साइज द्यायच्या आधीच मेला तर वाचक जन्मभर वाट बघत राहील, त्यापेक्षा दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट एरर लिहून बाहेर पडू द्या. आणि वाचक आधी आला तर त्याला ई-नो-एंट मिळेल, म्हणजे नावच नाही अजून, तेव्हाही तेच, थोडं थांबून परत. आमच्या उदाहरणात कोणीही बनवावं असा हट्ट नाही, लेखकच बनवतो आणि वाचक फक्त उघडतो, आणि जमेल तिथे असंच ठेवा, कारण "जो आधी येईल तो बनवेल" या पद्धतीत एक जास्तीचा वळसा आहे: ई-एक्झिस्ट मिळाला म्हणून साधं उघडायला गेलात आणि तेवढ्यात कोणी नाव पुसलं तर ई-नो-एंट, मग परत पहिल्यापासून, म्हणजे तो सगळा भाग लूपमध्ये घालावा लागतो.

स्ट्रक्चरमध्ये काय ठेवायचं तेही सांगतो. सगळ्यात आधी तयार-फ्लॅग, मग एक आवृत्ती क्रमांक, मग स्ट्रक्चरची साइज, मग म्युटेक्स, मग तुमचा खरा डेटा. आवृत्ती कशाला, तर उद्या तुम्ही लेखकात एक फील्ड वाढवाल, लेखक नव्याने कंपाइल करून चालू कराल आणि वाचक जुनाच चालू असेल, तो बिचारा जुन्या ऑफसेटवरून आर्द्रतेला तापमान समजून दाखवत बसेल. आवृत्ती जुळली नाही तर वाचकाने सरळ नाही म्हणायचं. पूर्णांक ठरलेल्या रुंदीचे घ्या, साधा लाँग नको, ३२ बिट लिनक्सवर तो ४ बाइटचा आणि ६४ बिटवर ८ चा. आणि पॉइंटर तर अजिबात ठेवू नका. तीच मेमरी दोन प्रोसेसमध्ये वेगवेगळ्या पत्त्यावर बसू शकते, एकीचा पत्ता दुसरीत कचरा आहे, लिंक्ड लिस्ट वगैरे हवी असेल तर सुरुवातीपासूनचं अंतर साठवा आणि प्रत्येकाने ते आपल्या बेसमध्ये मिळवून घ्यावं.

म्युटेक्स पीथ्रेडचंच वापरायचं पण दोन गुण लावून. एक पीथ्रेड_प्रोसेस_शेअर्ड, तो नसेल तर म्युटेक्स एका प्रोसेसपुरतं धरलं जातं. दुसरा रोबस्ट, आणि हा लोक सर्रास विसरतात. लेखक लॉक धरून असताना कोणी किल मायनस नऊ मारून तो जबरदस्तीने संपवला तर साधं म्युटेक्स कायमचं बंद, वाचक तिथेच अडकून. रोबस्ट असेल तर वाचकाला लॉक मिळतं आणि सोबत ई-ओनर-डेड येतं, की बाबा आधीचा मालक लॉक हातात ठेवून गेला. तेव्हा डेटा अर्धवट आहे का ते बघायचं, आमच्या बाबतीत जुनं रीडिंग टाकून द्यायचं, मग पीथ्रेड_म्युटेक्स_कन्सिस्टंट म्हणायचं आणि अनलॉक करायचं. तो कॉल न करता अनलॉक केलं तर म्युटेक्स कायमचं निकामी होतं. अजून एक, लॉक घेणं म्हणजेही मेमरीत लिहिणं, त्यामुळे वाचक "मी फक्त वाचतो" म्हणून ओ_आरडीओएनएलवायने उघडून म्युटेक्स घेऊ शकत नाही, त्यालाही ओ_आरडीडब्ल्यूआर लागतं.

पुसायचं कधी?

एमअनमॅप तुमच्या प्रोसेसपुरती जोडणी तोडतो, प्रोसेस संपली की ती तशीही तुटते. नाव आणि मेमरी मात्र राहते, प्रोसेस संपल्यावरही, मशीन रीबूट होईपर्यंत. नाव जातं ते एसएचएम_अनलिंकने. आणि हे अगदी फाइलसारखंच वागतं, अनलिंक केल्यावर नाव लगेच नाहीसं होतं पण ज्यांनी मॅप केलंय त्यांची मेमरी जिवंत राहते, शेवटचा सोडून गेला की मगच जागा मोकळी होते.

यातून एक फार फसवी परिस्थिती तयार होते. लेखक क्रॅश झाला, नाव मागे राहिलं, तुम्ही तो परत सुरू केला, ओ_एक्सक्लने ई-एक्झिस्ट दिलं. मग कोणीतरी सुचवतं की सुरुवातीलाच एसएचएम_अनलिंक टाकून दे. टाकलं. लेखक छान चालू, एरर नाही. पण वाचक तर मधे बंदच झाला नव्हता, त्याच्याकडे जुनी मेमरी मॅप केलेली आहे, आणि आता त्याच नावाच्या दोन वेगळ्या मेमऱ्या आहेत, लेखक नवीत लिहितोय, वाचक जुनीत बघतोय, स्क्रीनवर तापमान २८.५ वर गोठलंय आणि दोन्ही लॉग स्वच्छ. हे पकडायचं कसं तर वाचकाचा पीआयडी घ्या आणि प्रॉक खालच्या त्याच्या मॅप्स फाइलमध्ये बघा, तुमच्या मेमरीच्या ओळीच्या शेवटी डिलीटेड असं लिहिलेलं असेल तर तो अनाथ मेमरीवर बसलाय. त्याच ओळीतला आयनोड नंबर, म्हणजे वस्तूची कर्नलमधली ओळख, लेखकाच्या मॅप्सशी ताडून बघा, वेगळे निघतील.

उपाय दोन. लेखकाने दर रीडिंगला एक काउंटर वाढवायचा, वाचकाने ठरावीक वेळ तो हलला नाही की सगळं सोडून नव्याने उघडायचं. किंवा, मला जास्त पटतो तो मार्ग, लेखकाने जुनी वस्तू पुसायचीच नाही, आहे तीच परत वापरायची. त्यासाठी "लेखक एकच चालू आहे" याची खात्री लागते, ती एका वेगळ्या लॉक फाइलवर एफलॉक घेऊन मिळते, कारण प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल तो लॉक सोडवतोच. लॉक मिळाला म्हणजे दुसरा लेखक जिवंत नाही, मग ई-एक्झिस्ट आलं तर साधं उघडा, साइज आणि आवृत्ती तपासा, जुळली तर त्यातच पुढे लिहा. तयार-फ्लॅग एक असेल तर म्युटेक्स परत मांडू नका, वाचक आत असू शकतो, शून्य असेल तर आधीचा लेखक अर्ध्यात गेला होता, तेव्हा मांडणी पूर्ण करा. आवृत्तीच जुळत नसेल तरच पुसून नवी बनवा. आणि चालू असलेल्या वस्तूवर ओ_ट्रंक तर कधीच लावू नका, साइज शून्य होते आणि जे जे मॅप करून बसलेत ते पुढच्या वाचनाला सिगबसने पडतात.

जागा कुठून येते तेही माहीत असू द्या. लिनक्सवर हे सगळं डेव्ह खालच्या एसएचएम नावाच्या फोल्डरमध्ये, टीएमपीएफएस या रॅममधल्या फाइलसिस्टमवर राहतं, साधा एलएस मारला तरी तुमचं नाव तिथे दिसेल, हेक्सडंपने आतले बाइटही बघता येतात, डीबगिंगला याच्यासारखी सोय नाही. त्याची कमाल साइज डिफॉल्टला रॅमच्या निम्मी असते, पण डॉकर कंटेनरमध्ये फक्त ६४ एमबी. आणि एफट्रंकेट जागा खरोखर राखून ठेवत नाही, २०० एमबी मागितले तरी हो म्हणतो, पानं हात लावेल तशी दिली जातात, आणि ६४ एमबी ओलांडले की भर कामात सिगबस. म्हणून मोठी मेमरी असेल तर एफट्रंकेटनंतर पॉझिक्स_एफअ‍ॅलोकेट करा, जागा नसेल तर तो तिथेच ई-नो-स्पेस सांगतो, फक्त तो एरर एरनोमध्ये न ठेवता रिटर्न व्हॅल्यूत देतो. कंटेनर चालवताना एसएचएम-साइज वाढवून द्या, आणि दोन कंटेनरमध्ये शेअर करायचं असेल तर त्यांचं आयपीसी, म्हणजे प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीचं क्षेत्र, एकत्र करावं लागतं, नाहीतर दोघांचं फोल्डर वेगळं, नाव सारखं असून उपयोग नाही.

जुन्या कोडमध्ये तुम्हाला सिस्टम फाइव्हची पद्धत दिसेल, एसएचएमगेट, एसएचएमअ‍ॅट, एसएचएमडीटी आणि एसएचएमसीटीएल. तिथे नावाऐवजी पूर्णांक की असते, ती बऱ्याचदा एफटोकने फाइलच्या पाथवरून काढतात, आणि ती फाइल कोणी पुसून परत बनवली की आयनोड बदलतो आणि की पण बदलू शकते. बघायला आयपीसीएस मायनस एम, काढायला आयपीसीआरएम. नवीन कामाला मी ही पद्धत घेणार नाही, पण तिच्यात एक गोष्ट आहे जी पॉझिक्समध्ये नाही: किती प्रोसेस जोडलेल्या आहेत तो आकडा कर्नल सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसने २०१३ च्या ९.३ आवृत्तीत आपली मुख्य शेअर्ड मेमरी सिस्टम फाइव्हवरून एममॅपवर नेली, त्यामुळे लोकांना कर्नलची एसएचएममॅक्स ही तुकड्याच्या साइजची मर्यादा वाढवत बसायची गरज संपली, तरी एक छोटा सिस्टम फाइव्हचा तुकडा त्यांनी मुद्दाम ठेवला, तो याच आकड्यासाठी, की मुख्य प्रोसेस मेली पण तिची मुलं अजून त्याच डेटावर काम करतायत का हे ओळखता यावं आणि दुसरा सर्व्हर वर चढू नये.

दोन्ही प्रोसेस तुमच्याच फोर्कमधून, म्हणजे एका प्रोसेसची कॉपी होऊन, निघत असतील तर या सगळ्यातलं बरंच वाचतं. फोर्कच्या आधी एममॅपला मॅप_शेअर्ड सोबत मॅप_अ‍ॅनोनिमस द्या, डिस्क्रिप्टर उणे एक, नाव नाही, पुसणं नाही, कोण आधी आलं हा प्रश्नच नाही, आई मांडणी करून ठेवते आणि मग मूल जन्मतं. पण मुलाने एक्झेक केलं, म्हणजे स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवला, की मॅपिंग जातं, तेव्हा परत नावाकडे यावं लागतं, किंवा लिनक्स ३.१७ पासून असलेल्या मेमएफडी_क्रिएटने बिननावाची मेमरी बनवून तिचा डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून द्यावा लागतो.

सर्व्हरवर चालवताना सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचं रिमूव्ह-आयपीसी हे सेटिंग एकदा बघून घ्या. ते चालू असेल आणि तुमचा लेखक साध्या युजरखाली चालत असेल तर त्या युजरचं शेवटचं सेशन लॉगआउट झालं की सिस्टमडी त्याची शेअर्ड मेमरी पुसून टाकते, आणि सकाळी सगळं नीट असलेलं संध्याकाळी एसएसएच बंद केल्यावर गायब होतं. सेवेसाठी सिस्टम युजर बनवला की हा प्रकार होत नाही.

आणि तपासणी अशी करा: मालकाच्या कोडमध्ये एसएचएम_ओपन आणि एफट्रंकेट यांच्या मध्ये पाच सेकंद स्लीप टाका, तेवढ्यात वाचक सुरू करा, तो पडला नाही पाहिजे, थांबला पाहिजे किंवा तुमची मर्यादा संपल्यावर नीट एरर देऊन निघाला पाहिजे. मग स्लीप एफट्रंकेट आणि तयार-फ्लॅगच्या मध्ये हलवा, परत तेच. मग लॉक धरलेला असताना लेखकाला किल मायनस नऊ मारा आणि परत सुरू करा, वाचक बंद न करता. त्याच्या स्क्रीनवर नवीन रीडिंग यायला लागलं की स्लीप काढून टाका.